स्वतःचं 'ब्रँडिंग' करता करता नोकरीच हातची जातेय का?

अवंती_क

नमस्कार मंडळी. नोकरी शोधणाऱ्यांशी रोजचा संबंध असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारतेय.

माझा भाचा २७ वर्षांचा आहे. आधी डिप्लोमा, मग मेकॅनिकलची डिग्री. चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं क्वालिटीला होता. जानेवारीत ऑर्डर घटल्या आणि बारा जणांना घरी बसवलं, त्यात हाही होता. पहिल्या दोन महिन्यांत नेहमीसारखे अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, पण जमलं नाही. मग कुणीतरी त्याला सांगितलं की आता नुसत्या बायोडेट्याला कोणी विचारत नाही, 'पर्सनल ब्रँडिंग' लागतं. साडेनऊ हजार भरून त्याने ऑनलाइन कोर्स केला. तेव्हापासून रोज सकाळी आठला लिंक्डइनवर एक पोस्ट टाकतो. आजवर पंच्याण्णव झाल्या. लाइक येतात, अनोळखी माणसं 'इन्स्पायरिंग' लिहून जातात. मुलाखतीचं बोलावणं मात्र कोर्सनंतर एकही नाही.

परवा बहिणीकडे मुक्कामाला होते. रात्री अकरा वाजता हा दुसऱ्या दिवशीच्या पोस्टसाठी फोटो निवडत बसला होता. चेहरा इतका उतरलेला की माझ्या पोटात कालवलं.

त्याची हेडलाइन अशी आहे (मूळ इंग्रजीत): 'स्वप्नं जगणारा | चेंजमेकर | लीडरशिपचा चाहता | आयुष्यभर विद्यार्थी | ५० हजारांहून अधिक इम्प्रेशन्स'.

यात काय चुकतंय? आणि स्वतःची ओळख बनवण्याच्या नादात नुकसान झाल्याचे तुमचे अनुभव असतील तर तेही सांगा. त्याला वाचायला देणार आहे.

कोकणी_माणूस

हेडलाइन दोनदा वाचली. मुलगा काय काम करतो ते कळलं नाही.

रानवारा

अवंती, मी पुण्यात चौदा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, त्यातली नऊ मॅन्युफॅक्चरिंगसाठी. कोकणी_माणूस यांनी एका ओळीत सांगितलं तेच जरा उलगडून सांगते, कारण पडद्यामागे काय चालतं हे मुलांना कोणी दाखवत नाही.

माझ्याकडे कारखान्याची मागणी येते ती अशी: 'क्वालिटी इंजिनिअर, ३ ते ६ वर्षं, प्रेशर डाय कास्टिंग किंवा मशिनिंग, पीपीएपी आणि ८डी येणारा, पुण्याच्या आसपासचा, महिन्याभरात रुजू होणारा.' (प्रेशर डाय कास्टिंग म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून पार्ट बनवणं, पीपीएपी म्हणजे पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया, ८डी म्हणजे दोषाचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत.) मी हेच शब्द शोधखान्यात टाकते. 'चेंजमेकर' हा शब्द चौदा वर्षांत एकदाही टाकलेला नाही. यादी समोर येते तेव्हा प्रत्येक माणसाचा फोटो, नाव, हेडलाइनचे सुरुवातीचे काही शब्द आणि गाव एवढंच दिसतं. लिंक्डइन हेडलाइनला २२० अक्षरं देतं, पण यादीत डोळा पहिल्या सात-आठ शब्दांवरच थांबतो. तिथे 'स्वप्नं जगणारा' असेल तर मी पुढच्या नावाकडे जाते. त्यात त्या मुलाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. माझ्यासमोर त्या दिवशी आणखी दीडशे नावं असतात.

दुसरं म्हणजे, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या कारखान्यांसाठी माणूस शोधताना मी आधी नोकरी डॉट कॉम उघडते, लिंक्डइन त्यानंतर. तिथे 'अलीकडे सक्रिय' असलेली प्रोफाइलं वेगळी काढता येतात. भाचा रोज लिंक्डइनवर दोन तास घालवतो, पण नोकरीवरचं त्याचं प्रोफाइल शेवटचं कधी उघडलं होतं? माझा अंदाज आहे, फेब्रुवारीत.

तिसरी गोष्ट तर सगळ्यांना उघड दिसते आणि लिहिणाऱ्याच्याच लक्षात येत नाही. नोकरीच्या जाहिरातींखाली 'इंटरेस्टेड, प्लीज चेक माय प्रोफाइल' अशा कमेंट. त्या तुमच्या ॲक्टिव्हिटीत साठत जातात. मी प्रोफाइल उघडून खाली गेले की एकाच आठवड्यात सेल्स, एचआर, डेटा ॲनालिस्ट आणि क्वालिटी अशा चाळीस जाहिरातींखाली तेच वाक्य दिसतं. मग शंका येते की या मुलाला नक्की काय करायचंय?

मिलिंद७५

रानवारा यांचा प्रतिसाद कामाचा आहे, पण मला मुळावरच बोलायचंय. माणसाने स्वतःचा ब्रँड बनवावा ही कल्पना १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन लेखकाने एका मासिकातल्या लेखातून लोकप्रिय केली. तिथून ती फिरत फिरत साडेनऊ हजारांच्या कोर्सच्या रूपाने आपल्या घरात आली. साबणाच्या वडीला ब्रँड लागतो, कारण दहा वड्या एकसारख्याच असतात. माणसाला कशाला? चांगलं काम केलेलं असेल तर ते चार लोकांना माहीत असतंच. त्या पोरावर घरी बसायची वेळ आली आणि वर त्याच्याकडूनच पैसे उकळले, याचा मला खरंच राग येतो.

झुळूक

मिलिंददादा, राग पटला, निष्कर्ष पटला नाही. 'चांगलं काम चार लोकांना माहीत असतं' हे ज्यांच्या भोवती ती चार माणसं आहेत त्यांच्यासाठी खरं. मी लातूरहून मुंबईत आले तेव्हा या क्षेत्रातलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. मी ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते. बिहान्स या डिझाइनचं काम मांडायच्या साइटवर माझं काम नीट मांडून ठेवलं, आणि तीनही नोकऱ्या तिथूनच लागल्या. माझ्यासाठी ते पान म्हणजे मामा-काका होतं.

पण चूकही केलीय, आणि तीच सांगायला आलेय. दुसऱ्या नोकरीत असताना एका क्लायंटच्या ॲपच्या स्क्रीन पोर्टफोलिओत टाकल्या. ॲप अजून बाजारात आलेलं नव्हतं. मला वाटलं, माझंच काम आहे, दाखवायला काय हरकत. पुढच्या मुलाखतीत डिझाइन हेड बाईंनी त्या पाहिल्या आणि शांतपणे विचारलं, "हे लाँच झालंय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. "आमच्याकडे आलीस तर आमचंही असंच बाहेर ठेवशील ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री पंधरा स्क्रीन काढून टाकल्या. आता नाव, रंग, आकडे बदलून फक्त अडचण काय होती आणि ती कशी सोडवली एवढंच ठेवते.

मिलिंद७५

झुळूक, लातूरचा मुद्दा मान्य. माझ्या वेळी मामा होता, हे मी विसरलो. पण तू मांडलंस ते तुझं काम आहे. हा मुलगा मांडतोय ते सुविचार. दोन्हीला एकच नाव देण्यात घोटाळा आहे असं मला वाटतं.

चाकणकर

क्वालिटीचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. अवंतीताई, दोन प्रश्न भाच्याला विचारून सांगा.

१. कारखान्यात प्रोसेस कोणती होती?
२. चारही वर्षं कंपनीच्याच पेरोलवर होता, की सुरुवातीला कॉन्ट्रॅक्टरकडून?

आबा_नाशिककर

मी अंबड एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपचा मालक आहे. आमच्याकडे लिंक्डइन वगैरे कोण बघतो? मी थेट फोन लावतो. फोन लावला की आधी कॉलर ट्यून वाजते, आणि मुलगा उचलेपर्यंत ती मला ऐकावी लागते. कधी डीजेचा दणदणाट, कधी कुणा भाईच्या वाढदिवसाचं गाणं. एकदा ट्रूकॉलरवर टर्नरचं नाव 'पप्या उधारी' असं आलं. मुलगा कामाला उत्तम निघाला, पण आमच्या अकाउंटंटने पहिले सहा महिने त्याला ॲडव्हान्स दिला नाही.

पोरांनो, ट्रूकॉलरवरचं नाव ॲपमध्ये स्वतः दुरुस्त करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सॲपचा डीपी म्हणजे आमच्यासारख्यांसाठी तुमचं प्रोफाइलच. तलवारीने केक कापतानाचा फोटो असेल तर मी दुसऱ्या मुलाला फोन करतो. स्पष्टच सांगतो.

कोकणी_माणूस

आबा, पप्या आता कुठे आहे?

आबा_नाशिककर

माझ्याकडेच. सीएनसी सेक्शन बघतो. ट्रूकॉलरवर आता पूर्ण नाव येतं, मीच बदलून घेतलं.

सावरी

नावाचा विषय निघालाच आहे तर माझं सांगते. हे मराठी बायकांना फार भोवतं आणि कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं: आडनाव, स्वतःचं, वडिलांचं. मी ते तसंच बायोडेट्यावर आणि लिंक्डइनवर ठेवलं होतं. बंगळूरच्या एका कंपनीतून सहा मेल आल्या, सगळ्यांत मला आडनावानेच हाक. ते एकवेळ चालतं. पण लग्नानंतर मी लिंक्डइनवर सासरचं आडनाव लावलं, पॅन आणि पीएफवर माहेरचंच राहिलं, पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं. दोन वर्षं करिअरमध्ये खंड पडला होता. परत शोधायला लागले तेव्हा जुन्या टीम लीडने कुणाला तरी माझं नाव सुचवलं. त्या माणसाने माहेरच्या नावाने शोधलं, मी सापडलेच नाही. हे मला सात महिन्यांनी कळलं. तोवर जागा भरलेली.

नंतर ऑफर आली तर कागदपत्र पडताळणी तीन आठवडे अडकली. राजपत्रातला नाव बदल, विवाह नोंदणी दाखला, सगळं जमवावं लागलं. आता प्रोफाइलवर नाव, कंसात माहेरचं आडनाव आणि मग सासरचं असं ठेवलंय. मैत्रिणींनो, ज्या नावाने तुमचं काम लोकांना ठाऊक आहे ते नाव कुठेतरी दिसत राहू द्या. आणि बदलायचंच असेल तर सगळीकडे एकाच महिन्यात बदला.

अनघा_ठाणे

सावरी, अगदी अगदी. माझ्या बाबतीत ईमेलचं हे झालं. आयडीत जुनं आडनाव, बायोडेट्यात नवं. एचआरला वाटलं दुसऱ्या कुणाच्या मेलवरून अर्ज केलाय.

पांथस्थ

अवांतर: नोकरीचा बायोडेटा आणि लग्नाचा बायोडेटा यातला फरक आपल्याकडे अजून पुरता पडलेला नाही. माझ्याकडे इंटर्नशिपसाठी आलेल्या एका बायोडेट्यात उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय आणि मूळ गाव होतं. शेवटी 'वरील माहिती खरी असून' असं प्रतिज्ञापत्र. फक्त मामाचं कुळ राहिलं होतं.

रानवारा

पांथस्थ, रोज बघते मी हे. आणि याच्या उलट टोकाला ते दोन रकान्यांचे रंगीत साचे. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो आणि 'एक्सेल: पाचपैकी चार तारे'. हा साचा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला की अनेकदा दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. कंपनीच्या नावापुढे छंद येतात. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये असला की कधीकधी तो उचललाच जात नाही. आणि चार तारे म्हणजे किती हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. 'एक्सेलमध्ये पिव्हट टेबल वापरून रोजचा रिजेक्शन रिपोर्ट काढायचो' असं लिहिलं की मला लगेच कळतं.

अवंती_क

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याशी बोलले.

चाकणकर, उत्तरं अशी. प्रोसेस: ॲल्युमिनियमचं प्रेशर डाय कास्टिंग. पेरोल: पहिली दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टरकडून, मग कंपनीने घेतलं. प्रोफाइलवर आणि बायोडेट्यात मात्र चारही वर्षं कंपनीचंच नाव आहे. तो म्हणतो, "मावशी, गेट तेच, मशीन तेच, साहेब तेच. मग दुसरं काय लिहू?"

रानवारा, नोकरीचं प्रोफाइल २० फेब्रुवारीला शेवटचं उघडलं होतं. तुमचा अंदाज अचूक.

चाकणकर

मला हीच भीती होती. त्याचं म्हणणं माणूस म्हणून बरोबर आहे. राबला तो तिथेच. पण पडताळणी करणाऱ्यासमोर कागद असतो. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, सर्व्हिस हिस्टरी असते, तिथे ज्याने पीएफ भरला त्याचं नाव आणि तारखा दिसतात. म्हणजे पहिली दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टरच. फॉर्म १६ मिळाला असेल तर त्यावरही तोच. बायोडेट्यात कंपनी आणि यूएएनवर कॉन्ट्रॅक्टर असं दिसलं की पडताळणीवाला 'तफावत' अशी खूण करतो, आणि ती पाहून समोरचा एचआर माणसाला खोटारडा समजतो.

माझ्या लाइनवरचा एक मुलगा असाच गेला. ऑफर हातात होती, आधीच्या ठिकाणी राजीनामा दिलेला होता, आणि रुजू व्हायच्या चार दिवस आधी फोन आला. त्याने काडीचंही खोटं काम केलेलं नव्हतं. त्याच्या आईला सांगायला मी गेलो होतो, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहितोय.

लिहायची पद्धत सोपी आहे: 'अमुक कॉन्ट्रॅक्टर, नेमणूक तमुक कंपनी, चाकण प्लांट', तारखांसह. पुढची दोन वर्षं वेगळी नोंद: 'तमुक कंपनी, कायम कर्मचारी'. यात कमीपणा काही नाही. उलट कंपनीने दोन वर्षं काम पाहून मुलाला कायम केलं, हे त्यातूनच दिसतं. सध्याच्या पद्धतीने तो स्वतःची सगळ्यात चांगली गोष्ट झाकून ठेवतोय.

रानवारा

चाकणकरांना शंभर टक्के अनुमोदन. हाच नियम आयटीतल्या थर्ड पार्टी पेरोलवाल्यांनाही लागू. आणि नोकरी सांभाळून बाहेरची कामं करणाऱ्यांनीही प्रोफाइलवर 'फ्रीलान्स, २०२१ पासून आजपर्यंत' टाकण्याआधी आपलं नेमणूकपत्र वाचावं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीर सांगितलं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या ३०० जणांना कमी केलं. तेव्हापासून मुलाखतीत हा प्रश्न हटकून येतो.

सदाशिव_३०

मी आजवर इथे फक्त वाचत होतो. आज लिहितो.

मी पाच वर्षं एमपीएससी केली. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेस, दोन मुख्य परीक्षा, एक मुलाखत, यादीत नाव नाही. तिशीला खासगीत यायचं ठरवलं तेव्हा मित्रांनी सांगितलं, पाच वर्षांची गॅप दिसली तर कोणी उभं करणार नाही. 'कन्सल्टंट' लिही. एकाने तर तीस हजारांत अनुभवाचं पत्र मिळवून देणारी कन्सल्टन्सी दाखवली. घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. वडिलांकडे पैसे मागताना कारण सांगता येईना, म्हणून राहिलं.

पण 'कन्सल्टंट' हा शब्द प्रोफाइलवर आठ महिने होता. एका मुलाखतीत बाईंनी विचारलं, "कोणाचे कन्सल्टंट होता?" मी घाम पुसत काहीतरी सांगितलं. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या मुलाखतीआधी मी तो शब्द काढला आणि लिहिलं: 'राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, २०१७ ते २०२२. दोनदा मुख्य परीक्षेस पात्र, एकदा मुलाखतीपर्यंत. याच काळात अभ्यासिकेत अर्थशास्त्र शिकवले.' मुलाखतीत वीस मिनिटं याच ओळीवर गेली, आणि मला पहिल्यांदाच छाती भरून बोलता आलं. आज एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहे.

अवंतीताई, भाच्याला सांगा, जे घडलं ते लिहिलं की निदान झोप लागते.

आबा_नाशिककर

सदाशिव, लिहीत जा रे. फार बरं वाटलं वाचून.

मुक्ता_हॅम्बुर्ग

इथे जर्मनीत बायोडेट्यावर फोटो लावायची रीत अजून बरीच टिकून आहे. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्यांनी फोटो मागणं जवळपास थांबवलं, तरी लोक लावतात. इंग्लंड-अमेरिकेत मात्र फोटो लावू नका असंच सांगतात. मी पुण्याहून एकच बायोडेटा सगळीकडे पाठवला होता. इथल्यांना त्यात खटकलं ते वेगळंच. माझ्या नोंदी '२०१४ ते २०१६' अशा होत्या. इथे महिना आणि वर्ष दोन्ही लागतात. नुसती वर्षं दिली की मधली गॅप लपवली असं समजतात.

पण मला खरं भोवलं ते आपलं मराठी वळण. मुलाखतीत मी सारखं 'आम्ही केलं, आम्ही ठरवलं' म्हणत होते. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं. शेवटी समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "ते सगळं टीमने केलं. तुम्ही कुठे होता?" माझ्या डोळ्यात पाणी आलं, कारण त्यातलं निम्मं मी एकटीने रात्री जागून केलेलं होतं. आता मुलांना शिकवताना सांगते, 'आम्ही' ज्याचं त्याला द्या, पण जिथे हात तुमचा होता तिथे 'मी' म्हणा. ती फुशारकी नाही, माहिती आहे.

अवंती_क

मुक्ता, हे वाचून भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या पंच्याण्णव पोस्टमध्ये मी डाय कास्टिंगबद्दल एकदाही लिहिलेलं नाही." कोर्सवाल्यांनी सांगितलं होतं की तांत्रिक लिहिलं की लाइक कमी होतात.

म्हणून काल आम्ही दोघांनी बसून सगळ्या पोस्ट चाळल्या. दोन गोष्टी इथे विचारायच्या आहेत. एक पोस्ट आहे, 'टॉक्सिक बॉसने मला शिकवलेले पाच धडे'. नाव नाही, पण त्याच्या प्रोफाइलवर एकच कंपनी आहे. दुसरी म्हणजे मशीनसमोर उभं राहून काढलेला फोटो. मागे कंट्रोल प्लॅनचा, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय तपासायचं याचा, बोर्ड दिसतो.

चाकणकर

बोर्डावर कस्टमरचं नाव किंवा पार्ट नंबर वाचता येतो का?

अवंती_क

मोठा केला तर दोन्ही.

चाकणकर

ताई, तो फोटो आत्ता काढायला सांगा. उद्या नको. हा धागा वाचून होण्याआधी. नोकरी सोडली तरी कस्टमरची माहिती बाहेर न देण्याची सही त्याने केलेली असणार. आणि या भागात सगळे त्याच दोन-तीन बड्या कस्टमरांना माल देतात. तो ज्या कारखान्यात अर्ज करणार तिथला क्वालिटी हेड हा फोटो पाहून काय विचार करेल? झुळूक यांना त्या बाईंनी विचारलं तेच.

बॉसची पोस्टही काढा. राग खरा असेलही. पण चाकण ते तळेगाव हे क्वालिटीवाल्यांचं एकच गाव आहे. सगळे एकमेकांच्या ऑडिटला जातात.

आता मला सांगा, चार वर्षांत त्याने केलेलं कोणतं काम त्याला स्वतःला आवडलं?

अवंती_क

दोन्ही काढल्या.

तुमचा प्रश्न वाचून दाखवला तर त्याचा चेहराच बदलला. मला कळलं तसं लिहिते, चुकलं तर सांगा. एका हाउसिंगचे पीस लीक टेस्टला सारखे फेल जात होते. रिजेक्शन सहा टक्क्यांच्या वर. सगळे म्हणत होते गॅसमुळे छिद्रं पडतात, म्हणून साच्यावरचा स्प्रे आणि हवा बाहेर काढणारे व्हेंट यांच्याशीच झटापट चालू होती. याने फेल गेलेले चाळीस पीस कापले, पॉलिश केले, भिंगाखाली पाहिले. छिद्रं गोल, गुळगुळीत नव्हती, तर खडबडीत, वेडीवाकडी. म्हणजे धातू थिजताना आकसून पडलेली. मग तो बिस्किटाची, म्हणजे धातू ढकलणाऱ्या दट्ट्यापुढे उरणाऱ्या चकतीची, जाडी मोजत बसला, ती पाळीगणिक बदलत होती. तिथून प्रेशरचं काम निघालं, आणि दीड महिन्यात रिजेक्शन तीन टक्क्यांच्या आत.

हे सांगताना तो उभाच राहिला होता. जानेवारीनंतर पहिल्यांदा मी त्याला असं बोलताना पाहिलं.

चाकणकर

ताई, एक अक्षर चुकलेलं नाही. बिस्किट बारीक पडलं की शेवटचा दाब धातूपर्यंत पोचत नाही, आणि जाड भागात आकसण्याची छिद्रं राहतात. चाळीस पीस कापून पाहणारा मुलगा मला माझ्या लाइनवर हवा असता. हे त्याच्या प्रोफाइलवर नाही?? पंच्याण्णव पोस्ट आणि हे नाही?

रानवारा

हेडलाइन मी सुचवू का? 'क्वालिटी इंजिनिअर | ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंग | पोरॉसिटी, लीक टेस्ट, ८डी, पीपीएपी | ४ वर्षं, चाकण'. पुढे 'तात्काळ रुजू होऊ शकतो'. पोरॉसिटी म्हणजे तीच छिद्रं. पीपीएपी येत असेल तरच ठेवा, एकही शब्द उसना नको. हीच ओळ नोकरी डॉट कॉमवरही, आणि तिथे दर दोन-तीन दिवसांनी उघडून एखादी लहान दुरुस्ती.

हिरवी 'ओपन टू वर्क' चौकट ठेवायची की नाही असं तो विचारेल. त्याची नोकरी गेलीच आहे, लपवण्यासारखं काही नाही, ठेवू दे. जे नोकरीत असताना शोधतायत त्यांनी 'फक्त रिक्रूटर' हा पर्याय घ्यावा. पण आपल्याच कंपनीला कळणार नाही याची लिंक्डइनही पूर्ण हमी देत नाही, हे लक्षात ठेवून.

झुळूक

आणि पोस्ट अगदी बंद नको करायला सांगू. महिन्यातून एक. चाळीस पीस कापल्याची गोष्ट, कस्टमर आणि पार्ट न सांगता, हाताने काढलेल्या चित्रासह. मी डिझाइनवाली असून मला ती वाचायला आवडली.

मिलिंद७५

याला ब्रँडिंग म्हणायचं असेल तर माझा विरोध मागे.

अवंती_क

अकरा दिवसांनी परत आलेय. प्रोफाइल बदललं, कॉन्ट्रॅक्टरची दोन वर्षं वेगळी लिहिली, 'इंटरेस्टेड'च्या सगळ्या कमेंट पुसल्या (एकशे सत्तर निघाल्या). पोरॉसिटीवरच्या पोस्टला नऊ लाइक आले. पण त्यातला एक तळेगावच्या एका कारखान्यातल्या मेथड्सच्या (उत्पादनाची पद्धत ठरवणाऱ्या विभागातल्या) माणसाचा होता, आणि त्याने खाली विचारलं, "बिस्किट किती मिलिमीटर ठेवलं होतं?" दोघांचं त्यावर लांबलचक बोलणं झालं. तिकडे नोकरी डॉट कॉमवरून रांजणगावहून फोन आलाय. शुक्रवारी टेक्निकल राउंड. होईल न होईल माहीत नाही.

एक विचारायचं राहिलं. "का सोडलं?" असं विचारलं तर काय सांगायचं? बारा जणांना काढलं म्हटलं की पुढचा प्रश्न 'तुलाच का' असा येईल, या धास्तीने तो 'स्वतःहून सोडलं' म्हणायच्या विचारात आहे.

रानवारा

नको. रिलीव्हिंगच्या पत्रात आणि फोनवरच्या चौकशीत ते उघडं पडतं. सरळ सांगू दे: ऑर्डर घटली, बारा जण कमी केले, त्यात मी होतो. एवढं बोलून थांबायचं. समोरच्या क्वालिटीवाल्याला त्या भागात कोणाच्या ऑर्डर घटल्या हे आधीच ठाऊक असतं.

चाकणकर

आणि कागद-पेन्सिल घेऊन जा म्हणावं. डायचा, म्हणजे साच्याचा, स्केच काढायला लावतातच. रनर, गेट, ओव्हरफ्लो, बिस्किट, सगळं हाताने काढता आलं पाहिजे. शुक्रवारी किती वाजता आहे? गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर मी मोकळा असतो. त्याला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोनवर तासभर प्रश्न विचारतो.